खाणीच्या बागेतली हजेरी

१

आमच्या सोसायटीसमोरच्या बागेला एका माजी नगरसेवकाच्या वडिलांचं नाव आहे. ते नाव कमानीवर आहे आणि पालिकेच्या कागदावर आहे. बाकी सगळे तिला खाणीची बाग म्हणतात, कारण बाग होण्याआधी तिथे दगडाची खाण होती. आसपासच्या शेडांच्या पायात आणि रस्त्यांच्या खडीत त्याच खाणीचा दगड गेला आहे. खाण संपली, खड्ड्यात पाणी साचलं, पाण्यात म्हशी डुंबायला लागल्या, आणि मग पालिकेला सुचलं की याला तळं म्हणावं. तळं झालं म्हणजे काठ आला, काठ आला म्हणजे बाक आले. अशी ती बाग झाली.

मी ज्योतीराम. गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटीत काढली. मायक्रोमीटर लावल्याशिवाय हा माणूस बायकोचंही ऐकत नाही, असं कौशल्या चारचौघांत सांगते, आणि ते खरं आहे. कंपनी बंद पडली, पण तिथले आम्ही वीस-बावीस जण अजून रोज सकाळी या बागेत जमतो. पावणेसातला मोठ्या शिरीषाखाली गोल करून हजेरी, मग तळ्याला पाच फेऱ्या, आणि साडेसातला हास्यक्लब. हात वर करून, छाती फुगवून, कारण नसताना हसायचं. लांबून बघणाऱ्याला ते वेडेपणाचं वाटतं. आत उभं राहिल्यावर सवय होते.

हजेरी घेतो खंडू. तो आमच्या टाइम ऑफिसचा क्लार्क. गाव मोशीचं, घरची शेती विकली, तरी बोलणं शेतातलंच. कंपनी गेली तरी त्याची वही गेली नाही. तो नाव घेत नाही, कंपनीतला जुना टोकन नंबर पुकारतो. वहीतून डोकं वर काढत नाही. नंबर पुकारायचा, कानाने "हजर" ऐकायचं, टिक करायची.

हे सगळं नुसतं हौसेचं नाही. पाच वर्षांपूर्वी आमच्या कॅन्टीनचा एक जण एकटा राहत होता, तो घरातच वारला आणि आठवडाभर कोणाला पत्ता नव्हता. तेव्हा आम्ही नियम केला. लागोपाठ तीन दिवस कोणी न सांगता गैरहजर राहिला, तर चौथ्या दिवशी दोघांनी त्याच्या घरी जाऊन दार वाजवायचं. आमच्यातले निम्मे एकटे आहेत, मुलं लांब आहेत. त्यांच्यासाठी ती वही म्हणजे दार वाजेल याची खात्री आहे.

साहेबराव असाच एकटा. माझा टोकन नंबर अकराशे त्रेचाळीस, त्याचा अकराशे बेचाळीस. एकाच दिवशी एकाच रांगेत उभे राहून आम्ही कामावर लागलो. कंपनीत असताना मला उशीर झाला की तो माझं कार्ड पंच करायचा, त्याला उशीर झाला की मी त्याचं. काचेमागे बसलेल्या खंडूला हे एकदाही कळलं नाही, आणि याचा आम्हा दोघांना म्हातारपणीही अभिमान होता.

२

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी साहेबरावचा फोन आला.

"ज्योती, गुडघा लई धरलाय राव. आठ दिवस काय यायला जमत नाही. तू माझं कार्ड मार."

"अरे, आजारी आहे म्हणून सांगतो ना खंडूला."

"नको. खंडू चार जण घेऊन येतो, केळी आणतो, अन् सुनेला फोन लावतो. मग पोरगं म्हणतं, फ्लॅट विका अन् बंगलोरला या. मला नाही जायचं तिकडं. तू नुसतं हजर म्हण."

मी हसलो आणि हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी खंडूने अकराशे बेचाळीस पुकारलं तेव्हा मान खाली घालून, घसा जरा घोगरा करून मी "हजर" म्हणालो. नंतर माझा नंबर आला तेव्हा सरळ आवाजात म्हणालो. खंडूने टिक केली. जुन्या दिवसांसारखी गंमत वाटली. असं मी सहा दिवस केलं.

मध्ये एकदा मी त्याला फोन लावला होता. उचलला नाही. दुपारची वेळ होती, झोपला असेल म्हटलं. पुन्हा लावला नाही.

सातव्या दिवशी त्याच्या मजल्यावरच्या लोकांनी दार तोडलं. तो स्वयंपाकघरात ओट्याखाली पडला होता. माझ्याशी बोलला त्याच रात्री कधीतरी पडला असावा, असं डॉक्टर म्हणाले. पण पडल्या पडल्या गेला नव्हता. पाण्याची बादली त्याने सरकत सरकत ओढून जवळ घेतली होती आणि ती अर्धी संपली होती. चार दिवस तरी जिवंत असावा, कदाचित पाच.

चौथ्या दिवशी आम्ही दार वाजवलं असतं. तो नियम मीच मोडला होता, आणि ते माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

पंचनाम्याला आलेल्या हवालदाराने विचारलं, यांना शेवटचं कोणी कधी पाहिलं? खंडूने वही उघडून दाखवली. "ह्ये बगा सायेब. कालपातूर हजर हाय त्यो."

"मग डॉक्टरांचं काहीतरी चुकतंय," हवालदार म्हणाला.

आमच्यातला रोहिदास पुढे झाला. "काल तर माझ्या शेजारी उभा होता. गळ्यात मफलर होता." आणखी दोघांनी माना डोलावल्या.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. माणसांना वही सांगेल ते आठवतं, असं मी मनाशी म्हणालो. मला लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती, आणि मी खाली बघत उभा राहिलो.

३

तेराव्याला खंडूने अकराशे बेचाळीसवर लाल रेघ मारली. बाग पंचवीस वर्षांची होणार म्हणून पालिकेची स्मरणिका निघणार होती, आणि "उद्यानाचा इतिहास व आकर्षणे" हा लेख मी लिहावा असं सगळ्यांनी ठरवलं. मन गुंतेल म्हणून मी घेतला.

डिसेंबरात आमच्या रुपालीचं डोहाळजेवण होतं. ती राजगुरुनगरला दिली आहे. मी आणि कौशल्या तिकडे गेलो आणि पाच दिवस राहिलो. निघायच्या गडबडीत मी खंडूला सांगायचं विसरलो. खरं सांगायचं तर विसरलो नाही. चौथ्या दिवशी दार बंद बघून कोणी फोन करतं का, ते मला बघायचं होतं. मापाची चाचणी घ्यायची जुनी खोड आहे.

चौथा दिवस गेला, पाचवा गेला. फोन आला नाही.

परत आलो त्या सकाळी कोणीच विचारलं नाही की इतके दिवस कुठे होतास. हजेरी झाल्यावर मी खंडूची वही मागून घेतली. माझ्या नंबरापुढे पाचही दिवस टिक होती.

"खंडू, मी पाच दिवस गावाला होतो."

"कुटल्या गावाला?" तो चष्मा पुसत म्हणाला. "रोज तर व्हतास की."

मला वाटलं, याला कळलंय. साहेबरावच्या खोट्या हजेरीचं याला कळलंय आणि हा मला टोचतोय. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, जे काय असेल ते स्पष्ट बोल. मग त्याचा चेहरा लाल झाला. "ज्योतीराव, आख्ख्या जल्मात मी एक खोटी टिक केली न्हाई. असलं वंगाळ बोलू नगंस." तो खरं बोलत होता. खोटं बोलणारा माणूस मी चांगला ओळखतो, कारण तेव्हा मी रोज आरशात एक बघत होतो.

४

स्मरणिकेसाठी पालिकेच्या फोटोग्राफरने आमच्या गटाचा फोटो काढला होता. तो मी गावाला असतानाच काढला, तारीख खालच्या कोपऱ्यात होती. लेखासोबत लावायला म्हणून तो माझ्याच मोबाइलवर आला.

हास्यक्लबातला फोटो. सगळ्यांचे हात वर, तोंडं उघडी. मी स्क्रीनवर बोटं ताणून एकेक चेहरा बघत गेलो. माझ्या नेहमीच्या जागी, रोहिदासच्या उजवीकडे, एक माणूस होता. राखाडी पट्ट्यांचा स्वेटर, माझाच. कानटोपी माझ्यासारखी. रोहिदासचा वर गेलेला हात नेमका त्याच्या चेहऱ्यावर आला होता, फक्त हनुवटी आणि उघडं तोंड दिसत होतं.

असे स्वेटर पिंपरीच्या बाजारात ढिगाने मिळतात. कानटोप्या तर सगळ्यांच्या सारख्याच. मी कौशल्याला फोटो दाखवला. तिने चष्मा लावला, बघितला आणि सहज म्हणाली, "तुमचा चांगला आलाय. दात मात्र फार दिसतायत." तिने कोपऱ्यातल्या तारखेकडे बघितलं नाही आणि मीही तिला बघ म्हटलं नाही. ती भाजी निवडत होती.

मी ठरवलं की हे कानाने तपासायचं. दुसऱ्या दिवशी गोलात उभा राहिलो आणि माझा नंबर येईपर्यंत दात घट्ट आवळून धरले. खंडूने पुकारलं, "अकराशे तिरेचाळीस."

"हजर."

आवाज माझा होता. तो माझ्या डाव्या बाजूने, जरा मागून आला. डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं, शॉपमधल्या मशीनच्या आवाजाने तो निम्मा गेला आहे, त्यामुळे नक्की कुठून ते सांगता येणार नाही. माझ्या डावीकडे रोहिदास होता आणि तो पुढे बघत होता. कोणी वळून पाहिलं नाही. खंडूने टिक केली आणि पुढचा नंबर पुकारला.

सवयीने मीच बोललो असेन. एकतीस वर्षं आणि वर ही दहा, इतकी सवय असल्यावर तोंड आपोआप चालतं. पण माझे दात दुखत होते, इतके मी ते आवळले होते.

५

गेटवर आम्रपाली असते. ठेकेदाराची सिक्युरिटी, बारा तासांची ड्युटी, तिशीची मुलगी आहे. वडील आमच्याच शेजारच्या कंपनीत फाउंड्रीला होते म्हणून मला काका म्हणते. एका सकाळी तिने मला थांबवलं.

"काका, एक सांगू का? रागावू नका. दुपारी आत थांबत जाऊ नका ना. बाग अकराला बंद होते, चारला उघडते. मधे कोणी दिसलं की सुपरवायझर मला बोलतो."

"मी कुठे थांबतो दुपारी?"

"तळ्याकडच्या बाकावर. शिट्टी मारते तरी तुम्ही उठत नाही. हात करता नुसता, की बसू दे म्हणून."

मी दुपारी जेवून झोपतो. गेली आठ वर्षं झोपतो. मी त्याच दिवशी एक वाजता गेटवर गेलो. लेखासाठी आकर्षणं बघायची आहेत, असं म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या हातातली किल्ली खाली पडली. मग ती उचलून तिने कुलूप काढलं आणि ती माझ्यासोबत आली.

बंद बाग मी पहिल्यांदाच बघत होतो. झोपाळ्यांवर कोणी बसू नये म्हणून साखळ्या वर गुंडाळलेल्या. संगीत कारंज्याच्या हौदात वाळलेली पानं. उद्घाटनाच्या वर्षी ते तीन गाण्यांवर नाचलं होतं, त्यानंतर नाही. फुलराणी या छोट्या आगगाडीचे डबे शेडमध्ये, त्यांवर ताडपत्री. सिमेंटच्या जिराफाचा रंग उन्हात पापुद्रे धरून सुटत होता. लांब कुठल्यातरी कारखान्यातून प्रेस मशीनच्या ठोक्याचा धप्प असा आवाज ठरावीक वेळाने येत होता. बाकी काही नाही. सकाळी ज्या जागी आम्ही हसतो ती जागा इतकी गप्प असू शकते हे मला ठाऊक नव्हतं, आणि मला तिथे नकोसं झालं.

बाक रिकामा होता. मी हात लावला. गरम होता. उन्हात सगळेच बाक गरम होतात, हे मी मनाशी म्हणालो आणि वर बघितलं. बाकावर करंजाची दाट सावली होती. शेजारच्या बाकाला हात लावला, तोही सावलीत होता. तो गार होता.

आम्रपाली चार पावलं मागेच थांबली होती.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही गेटवर आलात ना, तेव्हा मी गेटच्या जाळीतून आत बघत होते. तुम्ही इथं बसलेले होतात. आणि मागून तुमचाच आवाज आला."

मी तिला म्हणालो, उन्हाचा भास असेल. ती हो म्हणाली. त्या आठवड्यात तिने ड्युटी बदलून ताथवड्याच्या एका कॉलेजवर मागून घेतली. गेटवर नवा माणूस आला, त्याला मी ओळखत नाही आणि तो मला ओळखत नाही.

६

मी भित्रा नाही, पण मला आता काय होऊ शकतं ते स्पष्ट दिसत होतं. उद्या मी घरात पडलो तर वहीत माझी टिक होत राहणार. मला शोधायला कोणी येणार नाही. जे मी साहेबरावचं केलं, तेच.

मी खंडूच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. साहेबरावचा फोन, घोगरा आवाज, सहा दिवस. सांगताना मी रडलो. इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं.

खंडूने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याला राग आला नाही, हेच वाईट झालं.

"ज्योतीराव, जीव लई व्हता तुमचा एकमेकावर. धक्का बसलाय तुला."

"खंडू, तो नव्हता. तो माझा आवाज होता."

"मला सांगतूस? एकतीस वर्सं त्याची हजेरी घेतलीया मी. साहेबरावचा आवाज मला ठावं न्हाई व्हय?"

मी त्याला म्हणालो की निदान माझं नाव वहीतून काढ. मी उद्यापासून येणार नाही. नाव नसलं की कोणी पुकारणार नाही आणि कोणी उत्तर देणार नाही.

खंडू गोंधळला. त्याने वहीवर हात ठेवला, मी ती ओढून घेईन अशी त्याला भीती वाटली असावी. "जित्या माणसाचं नाव कसं काढू? त्ये काय बरं दिसतं का? चार दिस घरी आराम कर. मन लागलं की ये."

मार्चमध्ये रुपालीचे दिवस भरत आले. तिला सासू नाही, कौशल्याने जायलाच हवं होतं. मी तिच्यासोबत जातो म्हणालो, पण जावयाचं घर दोन खोल्यांचं, त्यात बाळंतपण; तिथे सासऱ्याने काय करायचं? कौशल्या म्हणाली तेही खरं होतं. मी तिला एवढंच म्हणालो की रोज सकाळी आठला फोन कर, आणि मी उचलला नाही तर लगेच शेजारच्यांना दार तोडायला सांग.

"असं काय अभद्र बोलता?" ती म्हणाली. पण मी वचन घेतलं. शेजारच्या मिनलचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये मी स्वतः टाकून दिला.

ती गेली तेव्हा मला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं. वही नको, खंडू नको. आठचा फोन पुरे. बायको काही आवाजावरून टिक करणारी नाही, असं मला वाटलं.

७

आज पहाटे साडेपाचला मी न्हाणीघरात पडलो. साबणाच्या पाण्यावर पाय सरकला, उजवा खुबा फरशीवर आपटला आणि आत काहीतरी मोडल्याचं मला ऐकू आलं. कमरेखाली हलता येत नाही. दाराला आतून खिटी लावलेली, ती हाताला लागत नाही. मोबाइल बाहेर हॉलमध्ये चार्जिंगला.

पहिल्यांदा ओरडलो. पंख्याच्या खिडकीतून बाहेर आवाज जातो की नाही माहीत नाही. मग थांबलो. अडीच तासांनी आठ वाजतील, हे मोजून शांत राहायचं ठरवलं. माणूस अडीच तास सहज काढतो. साहेबरावने चार दिवस काढले. त्याने बादली कशी ओढली असेल हे मला आता कळलं, आणि मी त्याची माफी मागितली. मोठ्याने, नाव घेऊन.

खिडकी बागेच्या बाजूला आहे. पावणेसातला खंडूचा आवाज आला. वारा तिकडून होता, एकेक नंबर नीट ऐकू येत होता. मी महिनाभर गेलेलो नाही. अकराशे त्रेचाळीसला माझा आवाज "हजर" म्हणाला. मला त्याचं काही वाटलं नाही. म्हण बाबा, माझा आठचा फोन आहे.

साडेसातला ते सगळे हसले. एवढ्या सगळ्या तोंडांचं हसणं उताण्या माणसाला कसं ऐकू येतं, ते मी कोणाला सांगणार नाही. ते थांबलं. लोक पांगल्याचे आवाज आले.

पाच-सात मिनिटांनी आमचं पुढचं दार उघडलं.

रात्री कडी मीच लावली होती. तरी माझ्या मनात आधी मिनल आली. "मी आत आहे," मी म्हणालो. "न्हाणीघरात. पडलोय." चपला काढून ठेवल्याचा आवाज आला, जिन्याकडच्या रॅकवर, मी ठेवतो तशा एकीवर एक. मग हॉलमधला पंखा सुरू झाला. फिरून आल्यावर मी पंखा लावतो.

दाराखाली बोटभर फट आहे. गाल फरशीला लावला की हॉलची पट्टी दिसते. दोन पाय दिसले, टाचा माझ्याकडे. फरशीवर ओला ठसा उमटत नव्हता की तळव्यांना धूळ लागलेली नव्हती. पाय चार्जरच्या बाजूला जाऊन थांबले आणि तिथेच उभे राहिले. वाट बघत होते. मीही वाट बघत होतो. आम्ही दोघं त्याच एका गोष्टीची वाट बघत होतो हे मला कळलं तेव्हा मी ओरडायचं बंद केलं, आवाज उरावा म्हणून.

आठला फोन वाजला. दोन रिंगा झाल्या. मी फोन नेहमी स्पीकरवर घेतो, कानामुळे. त्यानेही स्पीकरवर घेतला.

"अहो, ऐकलंत का?" कौशल्याचा आवाज घरभर झाला. "मुलगी झाली. पहाटे पाचला. दोघी छान आहेत."

मग माझा आवाज म्हणाला, "रुपाली कशी आहे?" मी आधी हेच विचारलं असतं.

"झोपलीय. बाळ तुमच्यावर गेलंय, कपाळ बघा तुमचंच."

"कौशल्या," मी ओरडलो. जेवढं अंगात होतं तेवढं ओरडलो. "कौशल्या, मी इथे आहे. तो मी नाही."

"कोण ओरडतंय तिकडे?" तिने विचारलं.

"खाली बागेत," तो म्हणाला. "हास्यक्लब चाललाय."

ती हसली. मी पुन्हा ओरडलो, पण आता शब्द निघत नव्हते, नुसता आवाज निघत होता. तो खरंच हसण्यासारखा असावा.

"तुम्ही बरे आहात ना? जेवणाचे हाल होत असतील. मी म्हणत होते, बारसं झालं की परत यावं."

"मी ठणठणीत आहे," माझा आवाज म्हणाला. त्यात माया होती, मला ती खोटी वाटली नाही. "पोरीला एवढ्यात सोडून येऊ नकोस. इथलं मी बघतो."

"मग सव्वा महिना राहू?"

"राहा की."

"बरं झालं बाई," कौशल्या म्हणाली, "मला तुमचीच काळजी होती," आणि तिने फोन ठेवला.